बरणीवरचा नववा महिना

मी एक फुफ्फुस बोलतोय. उजवं. धुळ्याला डॉक्टरकी शिकवणाऱ्या एका कॉलेजात, काचेच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडून बसलोय. शेजारी माझा डावा भाऊ. त्याला दोनच खंड, मला तीन, म्हणून मी जरा तोऱ्यात असतो. बरणीत मिरवायला दुसरं आहे काय?

कमलच्या पोटात, चौथ्या आठवड्यात, बाळाच्या अन्ननलिकेला एक कोंब फुटला. तो मी. जनुकं माझे मुकादम. ‘इथं फांदी फोड. इथं थांब. डावीकडे हृदयाला जागा सोडा.’ आम्ही निमूट ऐकत गेलो. एकदाही चुकलो नाही, एवढं लक्षात ठेवा.

शेवटचं काम तेवढं राहिलं होतं. हवेच्या पिशव्यांना आतून एक स्निग्ध लेप लागतो. तो नसला, की श्वास सोडताच त्या ओल्या प्लॅस्टिकसारख्या चिकटून बसतात. दिवस भरत आले की बाळाच्या मूत्रपिंडावरची इवलीशी ग्रंथी एक संप्रेरक सोडते, आणि लेपाचं काम जोरात सुरू होतं. मी त्याची वाट बघत होतो.

पहिलटकरणीला सातव्यातच माहेरी धाडतात. आठव्यात कुणी गाव सोडू देत नाही. पण त्या साली, एक्क्याण्णवला, शेतात कापूस फुटला होता आणि सासू मंजुळाबाईला वेचायला हात हवे होते. वेचणी उरकली तेव्हा आठवा लागला होता. तरी तिनं सुनेला तिच्या माहेरच्या, भडगावच्या एसटीत बसवलं आणि स्वतः सोबत निघाली. वाटेतच कमलला कळा सुरू झाल्या.

भडगावचा डॉक्टर तरुण होता, पण जाणता. म्हणाला, ‘कितवा महिना? आठवा असेल तर कळा थोपवतो आणि हिला इंजेक्शन देतो. दोन दिवसांत बाळाची फुफ्फुसं तयार होतील.’

म्हणजे संप्रेरकाचंच काम, सुईतून! मला कोण आनंद झाला.

पण आठव्यात सुनेला प्रवासाला काढलं हे व्याह्यांना कळलं असतं, तर त्यांनी चारचौघांत सुनावलं असतं. मंजुळाबाई म्हणाली, ‘नववा लागी गया, डॉक्टर.’

‘पोट लहान दिसतंय.’

‘आमना घरना बठ्ठा पोरे बारीकच ऱ्हातस.’

डॉक्टरनं कमलकडे पाहिलं. तिला दिवस नीट ठाऊक होते. तिचे ओठ हलले. सासूनं खांद्यावर हात ठेवला आणि ओठ मिटले. इंजेक्शन ट्रेमध्ये परत गेलं. कमलची मला कीव येते, आणि रागही येतो. अजून येतो.

मुलगा झाला. एकदाच रडला. पुढच्या प्रत्येक श्वासाला मला चिकटलेल्या पिशव्या नव्यानं ओढून उघडाव्या लागत होत्या. धुळ्याला आणेपर्यंत तो निळा पडला. तेरा तास झगडलो आम्ही भाऊ, मग थकलो.

छातीचा फोटो पाहून इथला मोठा डॉक्टर बुचकळ्यात पडला. ‘नवव्या महिन्याचं बाळ आणि फुफ्फुसं कच्ची? दोष आईच्या रक्तातला दिसतो.’

तेव्हा तरी खरं बोलावं ना! मंजुळाबाई धावत आलेल्या आपल्या मुलाकडे, कमलच्या नवऱ्याकडे वळली. ‘इना रगतमाच खोट शे. चुडामण, तुनं दुसरं लगन करी टाकसूत.’

कमल भिंतीला टेकून ऐकत होती. ‘फुफ्फुसं पोरांना शिकायला ठेवून घेऊ का?’ असं डॉक्टरनं विचारल्यावर सासूनं कागदावर अंगठा दिला आणि लगेच हात धुतले. कमलला तिथूनच भडगावला माहेरी पाठवलं, कायमची.

आता दरवर्षी नवी पोरं येतात. सर बरणी उचलून विचारतात, ‘वय?’

‘नववा महिना.’

‘दोष?’

‘आनुवंशिक.’

‘शाब्बास!’

पोरांनो, माझं एवढं एक काम करा. बरणीच्या चिठ्ठीवरचा नऊ खोडा, आठ लिहा. भडगावला जाऊन कमलला सांगा, तिच्या रक्तात काही खोट नव्हती. मीच ओरडून सांगितलं असतं, पण ओरडायला आधी श्वास लागतो.