टेबलाची कड

मामा कुणाच्याही घरी यायचा तो कोपऱ्यापासून ओरडतच. "मी येतोय! मी आहे, मी!" मग फाटकाशी खोकायचा, दाराशी पुन्हा आवाज द्यायचा, आणि आतून कुणी "ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. भाचरं त्याची हुबेहूब नक्कल करायची. धाकटी तर लहानपणी पांघरुणात शिरतानाही हीच आरोळी ठोकायची आणि आईचा धपाटा खायची. जित्याची खोड म्हणून घरातल्यांनी तिच्याकडे लक्ष देणं कधीच सोडून दिलं होतं.

मामाने जन्मभर शिंपीकाम केलं, पण ऐन तारुण्यात तो लढाईवर जाऊन आला होता. गल्लीतला त्याचा जिवलग दोस्तही बरोबर गेला होता. तो रात्रीच्या गस्तीवर गेला नि परत आला नाही, एवढंच घरात ठाऊक होतं. एकदा थोरल्या जावयाने भर पंगतीत विचारलं, "नेमकं झालं काय हो त्या रात्री?" मामा पानावरून उठला, हात धुतले आणि निघून गेला. पुढे वर्षभर त्याने या घरात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला.

धाकटीनेही लावला, पण तिचा खडा सारखा निसटायचा. ती खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे साचे आखायची आणि उरलेल्या वेळात पटावरचे खेळ बनवायची. एखादी गोष्ट कशी घडते हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. या खेपेला तिने रात्रीच्या गस्तीचा खेळ काढला होता. खेळण्यांच्या दुकानाचा मालक तो बघणार आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. ते खरंच होतं, पण अर्धंच. जे विचारायची सोय नव्हती, ते निदान मांडून तरी बघावं, असं तिच्या मनात होतं. आणि मामा पुन्हा दुरावेल, ही धास्तीही होती.

दुकानदाराने पहिला नमुना पाहून सांगितलं होतं, "बाई, हा दिवसाचाच खेळ आहे. तुम्ही फक्त काळा रंग दिलाय." बोचलं, पण पटलं. दोन्ही खेळाडूंना सगळी प्यादी दिसत असली तर रात्र कसली? मग तिने ठरवलं, प्यादी पालथी ठेवायची. काहींच्या पोटाशी सैनिक, तर काहींच्या पोटाशी नुसता आवाज: कुत्रं, वारा, हलणारा पत्रा. त्यासाठी एकसारखी बटणं हवी होती, आणि ती मामाच्या डब्यात ढिगाने होती. बटणांसाठीच फोन केला होता तिने, तरी बोलताना तिचे कान तापले. चोराच्या मनात चांदणं!

रविवारी दुपारी मामा कोपऱ्यापासून ओरडत आला. डबा ठेवायला टेबलाजवळ गेला आणि थबकला. पुठ्ठ्याची शेतं, झुडपं, खडीचा रस्ता, ओढा. मामाने चष्मा लावला.

"ओढा फार सरळ काढलायस. जिंकतं कोण?"

"पुलावरचं ठाणं बघून जो या कडेला परत येईल तो. कडेला टेकला की सुटला."

"सुटला?" मामाने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथे कोण असतं?"

"कुणी नाही. आपलीच बाजू ना ती."

"मग आपल्या बाजूला पहारा नसतो?"

शत्रूच्या एकेका झुडपाचा धाकटीने विचार केला होता, पण स्वतःच्या माणसांसाठी एक पहारेकरी ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. टेबल संपलं तिथे तिने लढाईही संपवली होती.

कात्री घेऊन ती कामाला लागली. प्रश्न विचारायला आता निमित्त मिळालं होतं.

"परवलीचा शब्द विचारला की उत्तर येतंच ना?"

"ऐकू आलं तर. वारा आपल्या तोंडावर असला की आपला प्रश्न तिकडे पोचतच नाही."

तिने वाऱ्याची फिरती चकती कापली: वारा तोंडावर आला की उत्तर नाही. "पण येताना ठरलेल्या वाटेनेच येणार ना?"

"अंधारात सापडली तर."

बटणं मोजताना ती म्हणाली, "रात्र थोडी, सोंगं फार," आणि मामा खळखळून हसला. कड्यावरून हलकेच पाय मागे घ्यावा तसं तिला वाटलं.

डाव मांडला. बटणं मामा हलवणार, धाकटी पहाऱ्यावर. तिच्या मागे तिची झोपलेली माणसं, म्हणजे चार लाल बटणं. पहिलं बटण जवळ आलं, तिने दम धरला. उलटलं तर कुत्रं निघालं. ती खूश झाली. दुसरं ओढ्याच्या बाजूने आलं. ती वाट गस्तीची नव्हतीच. तिने शब्द विचारला, चकती फिरवली, उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. बटण आणखी एक घर पुढे सरकलं. मागच्या लाल बटणांकडे तिने एकदा वळून बघितलं.

"गोळी," ती म्हणाली.

"उलट."

पोटाशी खडूची पांढरी रेघ होती. गस्तीचा माणूस, तिचाच.

"अगं बाई! मामा, मला खरंच वाटलं..."

"काय वाटलं?"

"शत्रू आहे असं. ओढ्याकडून आला, उत्तर देईना, आणि मागे ही झोपलेली..."

"घाई केलीस?"

"नाही रे, नीट विचार केला."

"पुन्हा तीच वेळ आली तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. धाकटीने बटणाकडे बघत विचार केला. "तेवढंच ठाऊक असेल तर... पुन्हा गोळीच घालीन."

मामाने ते बटण उचलून मुठीत धरलं. "त्याच्या आईला मी सांगितलं, शत्रूची गोळी लागली," तो म्हणाला. "पहाऱ्यावर मी होतो."

इतकी वर्षं हवं होतं ते उत्तर समोर आलं, आणि त्याचं काय करायचं ते धाकटीला कळेना. त्याच्या ओरडण्याची आपण जन्मभर नक्कल केली, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

मामा उठला. मोरीवर जाऊन त्याने हात धुतले. आता हा जाणार, पुन्हा येणार नाही, असं मनाशी म्हणत ती मान खाली घालून बसून राहिली. पाण्याचा आवाज थांबला. मामा हात पुसत आला आणि तिच्या खुर्चीजवळ उभा राहिला.

"ऊठ. आता पहाऱ्यावर मी बसतो. बटणं तू हलव."

तिने एक बटण ओढ्याकाठी पालथं ठेवलं. एक घर सरकवलं. दुसरं सरकवायच्या आधी तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मी येतेय. मी आहे, मी."

"हे नियमात नाही," मामा म्हणाला. वाऱ्याची चकती त्याने बाजूला सारली.

"ये," तो म्हणाला.