हिरवी रेघ

शाळेत टॅब आले तेव्हा गणिताच्या बाईंना आकाश ठेंगणं झालं. आपली पोरं मागं पडू नयेत, एवढाच तेव्हा त्यांचा ध्यास होता. मोठ्या शाळेतल्या पोराच्या हातात जे असतं ते आपल्याही पोरांच्या हातात हवं. यात वाईट काही नव्हतं. पण हातात वस्तू आली की डोक्यात अक्कल येते असं मानणारी माणसं वर बसलेली असतात, आणि पहिल्या वर्षी बाईही त्यांच्याच माळेतल्या होत्या.

टॅबवर अपूर्णांकाचा प्रश्न यायचा, खाली चार पर्याय. बरोबर बटण दाबलं की हिरवी रेघ पुढं सरकायची. वर्ग चिडीचूप, माना खाली, रेघा हिरव्यागार. हेडसर शेजारच्या तुकडीच्या सरांना सुनवायचे, बाईंकडून शिका जरा. या सरांना अख्खी शाळा ‘आरामात’ म्हणायची, कारण काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: करू की आरामात.

मग एकदा वीज गेली, टॅब चार्जच झाले नाहीत. बाईंनी फळ्यावर लिहिलं: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पोरं फळ्यावर पर्याय शोधू लागली. पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, “बाई, पर्याय लिहा ना. ह्याला तिसरं बटण असतं.”

दुसरी कुणी असती तर पोरीवर डाफरली असती, नाहीतर टॅबवाल्यांच्या नावानं बोटं मोडली असती. बाई खुर्चीत टेकल्या आणि भर वर्गात म्हणाल्या की तुमचं काही चुकलं नाही, मीच तुम्हाला गणिताऐवजी बटणं शिकवली. असं बोलायला छाती लागते. शाळा पालथ्या घाला, बघा किती सापडतात.

त्यानंतर त्यांनी पर्यायांचे प्रश्न बंद केले. टॅबमध्ये आवाज रेकॉर्ड करता येतो, तेवढंच धरलं. गणित सोडवताना मोठ्यानं बोलायचं, मग स्वतःचं स्वतः ऐकायचं आणि जिथं घसरलो तिथं थांबवायचं. चुकलेलं पुसायचं नाही, हा कडक नियम. वर्गाचा बाजार झाला. पण त्या कालव्यात बाईंना जे ऐकू आलं ते इतक्या वर्षांत वह्या तपासून कळलं नव्हतं. अर्धा वर्ग समजत होता की चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणजे चतुर्थांशही मोठा. तीच चुणचुणीत पोरगी आपला आवाज मध्येच थांबवून खुशीत म्हणायची, हं, इथं माती खाल्ली. बाई घरी हे रंगवून सांगायच्या, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, पोरं चुकतात आणि तू पेढे वाटल्यासारखी हसतेस, उफराटंच बाई तुझं.

पण वरून दिसते ती रेघ. बाईंच्या वर्गाची रेघ जागीच गोठली होती. शेजारच्या तुकडीनं बटणं पाठ केली होती आणि त्यांची रेघ टोकाला पोचली. तपासणीचे साहेब येणार होते. जिथं रेघ छोटी तिथले टॅब उचलून दुसऱ्या वर्गाला द्यायचे, असा हुकूम होता. हेडसर काकुळतीला आले. “एक तास दाबू द्या हो बटणं. कुणाचं काय जातंय?”

“पोरांचं जातं, सर.”

मोह झाला नाही असं नाही. पोरांना बटणं अजून पाठ होती. तासाभरात टॅब वाचले असते. पण पुसायचं नाही म्हणून बजावलेल्या पोरांनाच खोटी रेघ ओढायला कोणत्या तोंडानं सांगायचं?

साहेब आले. त्याच चुणचुणीत पोरीनं टॅबवरचा आपला आवाज ऐकवला. साहेबांनी तो अर्ध्यावर बंद केला आणि विचारलं, हे आकड्यात कुठं दिसतं? दिसत नाही, बाई म्हणाल्या. झालं, टॅब शेजारी गेले. साहेबांना अकलेचा कांदा म्हणावं, तर कांद्याला निदान पापुद्रे असतात.

पोरं रडवेली झाली. टॅब आपल्याच वर्गात राहावेत असं बाईंनाही मनापासून वाटत होतं. पण मधल्या सुट्टीत पलीकडून तिसरं, दुसरं, पहिलं असा घोष ऐकू आला आणि त्यांना राहवेना. पोरं तर तीही पोरंच. रिकामा तास मिळताच बाई सरळ शेजारच्या वर्गात गेल्या.

सर ओशाळले. “बाई, मी काही मागितले नव्हते हो.”

“माहितीये. पर्याय बंद करा. बोलायला लावा त्यांना.”

“माझी रेघ पडेल ना.”

“माझी पडली. मेले का मी?”

सरांनी डोकं खाजवलं. पोरं लाजतील, म्हणाले. बाईंनी एक टॅब उचलून त्यांच्याच हातात दिला. “मग आधी तुम्ही. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. मोठ्यानं.”

सगळा वर्ग माना वर करून सरांच्या तोंडाकडे बघू लागला. सरांनी घसा खाकरला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली.