वाघवाल्याची गादी

हरणवालीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. जन्मताच आई गेलेलं पाडस तिनं बाटलीवर वाढवलं होतं. ती पिंजऱ्यात शिरली की ते धावत येऊन तिच्या गुडघ्यांना ढुशा द्यायचं. अख्ख्या प्राणिसंग्रहालयात दुसऱ्या कुणाच्या हातून ते दूध पीत नव्हतं, आणि तिला त्याचा कोण अभिमान.

परवापासून मात्र ती दिसली की तेच पाडस कोपऱ्यात थरथरत उभं राही. नाकपुड्या फुललेल्या, पाय जमिनीला खिळलेले. बाटली पुढे केली की भिंतीवर जाऊन धडके. तिनं दूध बदललं, बूच बदललं, लाडीगोडी लावली. काही उपयोग नाही. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, की आज प्यायलं नाही तर हे जगत नाही. तिला रडूच कोसळलं.

घरी काही बदललंय का, साबण, तेल, असं त्यांनी विचारलं. तिनं नाही म्हटलं आणि मग लाजून लाल झाली. तिचा नवरा वाघांकडे कामाला. कुठल्याशा फालतू कारणावरून दोघांचं बिनसलं होतं. त्याची गादी बाहेरच्या खोलीत, त्याचे कपडे तो वेगळे धुवायचा. पाडस जन्मलं ते त्या अबोल्यातच. परवा अबोला सुटला, गादी आत आली, आणि हिनं मोठ्या मायेनं दोघांचे कपडे एकाच बादलीत भिजवले.

शेवटी तिनं हे सगळं खाली मान घालून सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला केसांवरून आंघोळ करायला लावली आणि स्वतःचे कपडे दिले. पाडस बराच वेळ हुंगत राहिलं. मग बिचकत पुढे आलं आणि बाटली रिकामी करूनच थांबलं.

"पण यानं वाघ कधी बघितलासुद्धा नाही," ती डोळे पुसत म्हणाली.

"बघावा लागत नाही. वास आला की अंगच घाबरतं, ते डोक्याला विचारत बसत नाही."

घरी येऊन तिनं नवऱ्याचा सदरा नाकाला लावला. साबण आणि तो, एवढंच. याच वासानं तिला परवापासून गाढ झोप लागत होती. एकाच वासाचं हे असं कसं, तिला काही केल्या उमजेना.

पाडसाची बाटली सुटेपर्यंत परत वेगळं झोपायचं, हे नवऱ्याला सांगताना तिची जीभ अडखळत होती. तो रुसेल, वाद घालेल, निदान तोंड तरी वाकडं करेल, असं तिला वाटलं होतं.

"एवढंच ना?" तो म्हणाला, आणि गादी गुंडाळून बाहेर गेलासुद्धा. परत येऊन उशीही घेऊन गेला.

पाडस वाचलं होतं. नवराही किती समजूतदार निघाला. मग पोटात हा खड्डा कशाचा पडलाय, हे तिला दारात उभं राहून कितीतरी वेळ कळलं नाही.