कढीलिंबावरची गाडी

प्रतापभावजींची नवी गाडी दसऱ्याच्या दुपारी पहिल्यांदा बोंबलली, तेव्हा मी पुरणपोळ्या करत होते. मला इतका आनंद झाला, की तव्यावरची पोळी करपेपर्यंत मी नुसती ऐकत उभी राहिले.

तशी मी वाईट बाई नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पोरांवर कधी हात उगारला नाही. पण राग माझ्यापाशी मुरतो, लोणच्यासारखा. आणि हा राग श्रावणापासून मुरत होता.

हैदराबादला नारायणगुड्यात आमचं घर एक, अंगण एक आणि चुली दोन. एका बाजूला मी एकटी, दुसऱ्या बाजूला माझे धाकटे दीर प्रतापराव आणि त्यांची बायको मालन. माझे यजमान अनंतराव चार वर्षांपूर्वी गेले. मागं राहिलं काय, तर पेन्शन, पुस्तकांची कपाटं आणि अंगणातला कढीलिंब. तो त्यांनी माझ्या माहेराहून, नांदेडहून आणला होता. मुळावरचा कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून रेल्वेत मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू घेऊन बसावं तसे. रोज आंघोळ झाली की उरलेली बादली स्वतः नेऊन त्याला घालायचे. ते गेल्यावर ती बादली मी न्यायला लागले. झाडापाशी उभी राहून मी त्यांना कालचं सगळं सांगायची. गल्लीतल्या अर्ध्या फोडण्यांना आमचाच पाला असायचा. समोरच्या शकीलाबी दारात येऊन हाक मारायच्या, "पद्माअम्मा, जरा करियापाक देव जी."

मग तो काळ आला, जेव्हा बँका घरी येऊन कर्ज घ्या म्हणू लागल्या. घरोघरी केबल आली, फोन आले, आणि भावजींच्या ऑफिसातल्या एकाच्या दारात चारचाकी आली. भावजींच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनीही गाडीसाठी नाव नोंदवलं, आणि तीसुद्धा अलार्मवाली.

श्रावणात मी बहिणीकडे नांदेडला गेले. परत आले तर अंगण बोडकं. झाडाच्या जागी जमिनीसरसा एक ओला खुंट.

"गाडी यायलीय ना वैनी," भावजी म्हणाले. "झाड असलं की पाखरं घाण करतात. नवा पेंट खराब होतो."

"मला विचारायचं तरी होतं."

"तुम्ही इथं कुठं होता? आणि एवढं काय त्यात? करियापाक बाजारात पेंडीनं मिळतोय."

मी आत गेले. मोरीत नळ सोडला आणि पोटभर रडले. त्यांच्यासमोर एक टिपूस काढलं नाही. पण त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की या गाडीचं सुख या माणसाला लागू द्यायचं नाही. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

कढीलिंब चिवट असतो. भाद्रपद उलटायच्या आत खुंटाभोवती पोपटी कोंब आले. मी पुन्हा बादली न्यायला लागले. भावजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, "कायकू मेहनत करता वैनी? गवंड्याला सांगून ठेवलंय. दसरा झाला की अंगणभर सिमेंट." म्हणजे माझ्या कोंबांना दसऱ्यापर्यंतच आयुष्य होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी आली. पांढरी, चकचकीत, आणि उभी केली ती बरोबर खुंटावर. दुपारी अलार्म बसवायला सिकंदराबादच्या दुकानातून गौसमियाँ आले. भावजी पूजेचं सामान आणायला बेगम बाजारात गेले होते, मालन शिंप्याकडे. गौसमियाँनी बॉनेटमध्ये डोकं घालून काम उरकलं. मी चहा दिला. त्यांनी खिशातून दोन काळी रिमोटं काढून माझ्या हातात ठेवली.

"अम्मा, ये दबाए तो भोंगा चालू, ये दबाए तो बंद. और एक मशीन है, चोर चाबी लगाया तोबी इंजिन चालू होताच नै. ये रिमोट बोला तोच होता." मग बोट वर करून म्हणाले, "लेकिन इसको पानी नक्को लगने देव. अंदर गया तो गाडी अपने मालिक कोच चोर समझती. साब को याद से बोल देव."

"हौ, सांगते," मी म्हणाले.

आणि मी सांगणार होते. कुणाला पटो न पटो. राग राग म्हटलं तरी शिकलेली बाई मी, निरोप पोचवायचा एवढं मला कळतं. भावजी उशिरा आले, म्हणून मी रिमोटं मालनच्या हाती दिली आणि ठरवलं, सकाळी पूजेच्या आधी सांगू.

सकाळी मी हात पुसत दारात आले. अंगणात रांगोळी घातलेली, चाकांखाली लिंबं ठेवलेली, गुरुजी पाटावर बसलेले. मी उंबऱ्यावर पाय ठेवला तोच मालन लगबगीनं पुढं आली. नवी साडी, केसात गजरा.

"अक्का, तुम्ही आतच बसा हां थोडा वेळ. वाईट वाटून घेऊ नका. सवाष्णींचं काम आहे."

"मला फक्त भावजींना एक सांगायचंय."

भावजींनी मान वळवली नाही. "नंतर सांगा वैनी. शुभ वेळ आहे. पूजा होईपर्यंत समोर येऊ नका."

ज्या अंगणात माझ्या नवऱ्यानं झाड लावलं, त्या अंगणात मी समोर यायचं नव्हतं. झाड तोडलं तेव्हाही पेटले नसेन एवढी मी तेव्हा पेटले. पाय मागं घेतला आणि आत जाऊन खिडकीशी उभी राहिले.

आमच्याकडे पूजा म्हणजे शास्त्रोक्त. गुरुजी म्हणाले, किल्ल्या ताम्हणात ठेवा. भावजींनी किल्ल्या ठेवल्या, आणि किल्ल्यांना लटकलेली दोन्ही रिमोटं. गुरुजींनी पळीभर पाणी सोडलं. मग दूध. मग दही. मग तूप, मध, साखर. मालन वाटीनं घालत होती आणि भावजी म्हणत होते, "घाल घाल, कंजुषी करू नको." पंचामृतात न्हालेली रिमोटं वर पुन्हा पाण्यानं धुतली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

मी नुसता आवाज चढवला असता तरी काम झालं असतं. मी खिडकी लोटून घेतली आणि पुरण शिजवायला लागले.

गाडी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आली. संध्याकाळी सिकंदराबादला सगळ्या नातेवाइकांकडे गाडीतून सोनं द्यायला जायचा बेत होता. पण दुपारीच गाडीनं गळा काढला. भावजी धावत आले, बटण दाबलं, ती आणखी जोरात ओरडली. किल्ली फिरवली, इंजिन ढिम्म. कुणी सोनं द्यायला फाटकातून आत आलं की ती त्याच्या अंगावर केकाटायची. बॅटरीची तार काढली तेव्हा कुठं गप्प झाली. भावजी झब्बा घालून, आपट्याची पानं खिशात घेऊन रिक्षातून सोनं वाटायला गेले. मी करपलेली पोळी तूप घालून मोठ्या चवीनं खाल्ली.

पुढचे दिवस मजेचे गेले. तार जोडली की बोंब, काढली की मुकी. भावजी सिकंदराबादच्या दुकानात जाऊन भांडून आले. दुकानदार म्हणाला, माल आमचा चांगलाच होता, रिमोट आणि मशीन जोडीनंच बदलावं लागेल, मुंबईहून मागवतो. दुसऱ्या कुणी हात लावला तर गॅरंटी जाईल. गवंडी दोनदा येऊन गेला. गाडी हलवा, मग सिमेंट टाकतो, म्हणाला. शकीलाबींचा अजहर म्हणाला, "चाचा, ढकलून गल्लीत ठेवू की."

"अलार्मशिवाय गल्लीत?" भावजी ओरडले. "चोरून नेतील!"

"जे गाडी मालिक से नै चलती, वो चोर से कैसे चलती?" दारातून शकीलाबींनी विचारलं. सारी गल्ली हसली. मी घरात तोंडाला पदर लावून हसले.

त्या गाडीखाली माझे कोंब वाढत होते. ज्याला सिमेंटखाली जायचं होतं, त्याला भावजींची गाडीच छपरासारखी झाली होती. रोज सकाळी ते ऑफिसला गेले की मी वाकून बादलीतलं पाणी आत सोडायची. तिथंच बसून ह्यांना सांगायची, अजून मुंबईहून आलं नाही हो.

दिवाळी गेली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गौसमियाँ खोकं घेऊन आले. गवंडीही वाळू, सिमेंट घेऊन हजर. गौसमियाँनी जुनं मशीन काढलं, नवं बसवलं आणि जुनं रिमोट कशानं बिघडलं ते बघायला उघडलं. आतून मुंग्यांची ओळ बाहेर पडली. गौसमियाँनी बोट लावून वास घेतला.

"साब, इसमें शहद डाले क्या?" मग माझ्याकडे वळले. "अम्मा, मैं बोला था ना, पानी नक्को? साब को बोले नै क्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावजींचा चेहरा लालबुंद झाला.

"वैनी! तुम्हाला ठाऊक होतं? आणि तुम्ही महिना महिना माझा तमाशा बघत बसलात? एका शब्दानं सांगता येत नव्हतं?"

मी उंबरा ओलांडून अंगणात आले, अगदी मधोमध.

"सांगायलाच आले होते, दसऱ्याच्या सकाळी. तुम्हीच म्हणालात, समोर येऊ नका."

"नंतर सांगायचं!"

"नंतर का सांगू? झाड तोडून झाल्यावर तुम्ही मला सांगितलंत, तसं? तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फिट्टंफाट."

बोलून टाकलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं. गौसमियाँ खाली मान घालून गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. गाडी मागं सरकून फाटकाबाहेर गेली, आणि खुंटाभोवती दाटीनं उभा असलेला कढीलिंब सगळ्यांना दिसला. वीतभर, सावलीत वाढल्यामुळे फिकट, पण तरतरीत.

भावजींनी गवंड्याला खूण केली. "टाक सिमेंट."

"थांबा!" मालन ओरडली. ती पांढरीफटक पडली होती. "कुणी हात लावू नका त्याला."

"काय झालं तुला? मधानं बिघडली ती, ऐकलंस ना?"

"मध निमित्त झालं. घरच्या बाईला शुभकार्यात मागं लोटलं, हिरवं झाड तोडलं, तिचा तळतळाट लागला. म्हणून मला मध घालायची बुद्धी झाली. आणि आता पुन्हा तोडता? पुढच्या वेळी ब्रेक गेला म्हणजे? मी नाही बसायची त्या गाडीत. तुम्हालाही बसू देणार नाही."

भावजींनी खूप आदळआपट केली. अंधश्रद्धा म्हणाले, अडाणी म्हणाले. ज्या रिवाजानं मला आत बसवलं होतं, तोच आता त्यांच्या डोक्यावर बसला होता. मी मालनची समजूत काढायला गेले नाही. तिला तळतळाट वाटला तर वाटू दे. तळतळाट तर होताच.

गवंडी सिमेंट घेऊन परत गेला. मालन आत गेली आणि तबक घेऊन आली. निरांजन लावून तिनं ते माझ्यासमोर धरलं.

"अक्का, गाडी पुन्हा चालू झालीय. तुम्ही ओवाळा."

मी तबक घेतलं. फाटकाबाहेर गाडी उभी होती, तिच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि खुंटापाशी जाऊन कढीलिंबाला ओवाळलं.

आता गाडी गल्लीत असते. पोरांचा चेंडू लागला, मांजर टपावर बसलं, की बोंबलते, आणि भावजी जेवता जेवता उष्ट्या हातानं रिमोट शोधत धावतात. ती बोंबलली की मी फोडणीत चार पानं जास्त टाकते.