मी, सुई न टोचलेली डावी किडनी

मी बुधाजींची डावी किडनी बोलतेय. आवाज चढलेला वाटेल. पण माझं श्रेय भरदिवसा पळवलं गेलंय आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

माझा जन्म उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. आजे-पणज्यांनी खाडीचं पाणी आटवलं, बुधाजींनी स्वतःलाच आटवलं. न्हावा शेवा बंदरात त्यांचा कंटेनरचा ट्रेलर चालतो. तिथे गेटच्या रांगेतून लघवीला उतरलं की मागचा पुढे घुसतो. म्हणून हे शहाणे लोक पाणीच पीत नाहीत. वर बुधाजी कंबरदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खात.

मे महिन्यात एके दिवशी रांग नऊ तास हलली नाही. दहाव्या तासाला मी कोसळले, माझ्यापाठोपाठ उजवी बहीणही.

इस्पितळात डॉ. जागृतींनी परेशला, म्हणजे बुधाजींच्या मुलाला, स्पष्ट सांगितलं, "गोळ्या बंद. सलाईन चालू आहे. किडनी स्वतःला सावरू बघते, तिला वेळ द्या. नाहीच जमलं तर डायलिसिस." बुधाजींच्या बायकोला, कृष्णाबाईंना, त्यांनी लघवी मोजायचं भांडं दिलं.

डायलिसिस ऐकून बुधाजींनी भिंतीकडे तोंड केलं. "मशीनला बांदून ठेवतील मना. मंग ट्रेलर कोन चालवल?"

इकडे माझ्या बारीक नळ्यांच्या अस्तरातल्या पेशी ढिगाने मेल्या होत्या. उरलेल्या पेशींनी हुद्दा सोडला, अंग पसरून भगदाडं झाकली, एकीच्या दोन झाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणून आधीपासून राखीव बसल्या होत्या, की साध्याच पेशी पुन्हा उमेदवारीला लागल्या, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला विचारू नका. घर पडत असताना हजेरी कोण घेतं?

तिसऱ्या दिवशी परेशने एका टायवाल्याला आणलं. कुठल्याशा स्टेम सेल केंद्राचा माणूस. "काकांच्या पोटातली चरबी काढायची, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून शिरेत सोडायच्या. महिन्याभरात किडनी नवी. गुरुवारची तारीख देतो."

नवी? मग मी काय जुनी गोणपाट?

बुधाजींनी घाबरून मान डोलावली. परेशने फॉर्म भरला, बापाचा फोटो चिकटवला. मी आत जिवाच्या आकांताने काम करत होते, पण मला तोंड नाही. एकच वाट मोकळी होती, ती मी वापरली.

कृष्णाबाईंनी भांडं उजेडाला धरलं. मिठागरात पाण्याची पातळी नजरेने जोखलेली बाई ती. "सोमवारी तळ झाकला नव्हता. आज अर्ध्याच्या वर हाय. अवो टायवाले, तुमची सुई अजून पिशवीत ना?"

"हो, पण..."

"मंग ह्ये भांडं कोन भरतोय, तुमचा बा?"

परेश म्हणाला, "आये, सायन्स हाय त्यो."

"ह्यो पन सायन्सच हाय. घे, वास घे."

डॉ. जागृतींनी फॉर्म वाचला आणि त्यांचा पारा चढला. "यावर प्रयोग चालू आहेत, चांगले लोक करताहेत. पण अजून हा उपचार ठरलेला नाही. प्रयोग विकायला काढणारा भामटा."

गुरुवारच्या रिपोर्टात रक्तात साचलेल्या घाणीचा आकडा निम्म्यावर उतरला. केंद्रात कोणी गेलं नाही. पुढच्या आठवड्यात बुधाजी घरी आले.

आणि महिन्याभरात केंद्राचं नवं पत्रक गावात आलं. वर बुधाजींचा हसरा फोटो, खाली 'आमचे बरे झालेले रुग्ण'. परेशने जाब विचारला तर टायवाला फोनवर म्हणतो, "नुसत्या नोंदणीनेसुद्धा फरक पडतो, साहेब." ते पत्रक पाहून गावातल्या धर्माजींनी त्या सुईच्या पैशांसाठी बैल विकायला काढले. त्यांच्या किडन्या कित्येक वर्षांच्या साखरेने झिजलेल्या.

बुधाजी लाजरे. चारचौघांत लघवीचा विषय काढणं त्यांना मरणाहून जड. तरीही देवळाच्या पारावर धर्माजींसमोर उभे राहिले.

"दादा, मी सुई घेतलीच नाय. गोल्या सोरल्या, सलाईन घेतली, आन किडनी आपली आपन भरून आली. तुजा आजार येगला हाय. पयला त्या डाक्टर बाईंना दाखव."

धर्माजींनी विचारलं, "मंग फोटोत हसतोस कशाला?"

"त्यो लायसनचा हाय."

बैल राहिले. माझ्या अंगावर मात्र वण राहिलेत आणि ते जाणार नाहीत. पेशी जिवंत आहेत तोवरच माझी दुरुस्ती. पुन्हा तसंच वाळवलंत तर मी उठेनच असं लिहून देणार नाही. लिहून देणारे दुसरे आहेत. त्यांच्या पत्रकावर तुमच्या ओळखीचा चेहरा दिसला, तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारा.