गठ्ठ्यातलं कार्ड

गेल्या मंगळवारपर्यंत तुम्ही माझ्या नवऱ्याला तपासलंच नव्हतं. सहा वर्षं दर महिन्याला त्यांच्या कार्डावर सही ठोकलीत आणि तुम्हाला त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता. जाडे की बारीक, मिशी आहे की नाही, एवढंसुद्धा सांगता आलं नसतं तुम्हाला. पैज लावते.

पहिल्यांदा ते स्वतः आले होते, तेव्हा दोन मिनिटं दिलीत, हे मान्य. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, वाकून लेथवर काम केलं की जास्तच. तुम्ही कॅप्सूल लिहिलीत, सकाळी उपाशीपोटी एक. तिखट बंद, चहा कमी, सेव बंद. इंदूरच्या माणसाला सेव बंद सांगायला तुमचं काय जातं? सांगितलंत आणि पुढचा नंबर पुकारलात.

खोटं कशाला बोलू, गोळी चांगली होती. आठ दिवसांत जळजळ गेली. दोन उशांना टेकून बसल्या-बसल्या झोपणारा माणूस पाठ टेकून झोपायला लागला. मी आनंदानं शेजारी सांगत सुटले, कामगार विमा दवाखान्याची गोळी लागू पडली म्हणून. जळजळ गेली म्हणजे रोग गेला, असं आम्ही धरून चाललो. तुम्हीपण तेच धरलंत. फरक एवढाच की तुम्ही डॉक्टर आहात.

मी सांवेर रोडला नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. लग्न होऊन महूहून इंदूरला आले तेव्हापासून आमची एक रीत होती. मी घरी आले की बुद्धरत्न माझा तळहात नाकाशी धरायचे आणि आज कुठली सेव भरली ते वासावरून ओळखायचे.

"आज लौंग."

"नाही, लहसुन."

"खोटं बोलतेस. लौंगच आहे."

मग जेवायला बसायचं. ताटं दोन वाढायची, पण त्यांचा हात माझ्याच ताटात. मी ओरडायचे, "तुमच्या ताटात हीच भाजी आहे ना?" ते म्हणायचे, "आहे, पण ती माझी आहे." आमची मुलगी श्रेया लहान होती तेव्हा आमच्याकडे बघून कपाळाला हात लावायची. आता ती भोपाळला नर्सिंग शिकते. घरात आम्ही दोघंच उरलो, आणि नेमकं त्याच सुमारास बुद्धरत्ननी माझ्याबरोबर जेवणं सोडलं.

भांडण नाही, तंटा नाही. त्यांची पाळी चारला सुटते, मी सहाला पोचते. मी आले की म्हणायचे, "मी खाल्लं गं, भूक लागली होती." एक दिवस, दोन दिवस, महिना, वर्ष. रविवारी म्हणायचे, पोट जड आहे, तू घे. मी एकटी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. समोरची पाटावरची जागा रिकामी. लोकांना वाटतं, नवरा मेल्यावर किंवा सोडून गेल्यावर बाईला त्याची आठवण येते. माझा नवरा त्याच खोलीत पलंगावर बसून मोबाईल बघत होता आणि मला त्याची आठवण येत होती. तोंडातला घास फिरत राहायचा. हाक मारली असती तर चार पावलांवर होते. पण जेवायला या, असं कितीदा म्हणायचं माणसानं?

मला वाटलं, बाई आहे. हो, वाटलं. मोबाईल उघडून बघितला. निघालं काय, तर जर्मनीतल्या कुठल्या लेथचे व्हिडिओ. एवढा मोठा लेथ बघताना माणसाला बायकोशी बोलायला वेळ कसा मिळणार, असा टोमणा मारला मी. ते हसले. हसताना गालाचं हाड दिसलं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

गेल्या महिन्यात आमची पॅकिंगची मशीन बंद पडली आणि सगळ्या बायकांना साडेतीनला सोडलं. साडेचारला घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. बुद्धरत्न मोरीजवळ उभे होते. हातात वाटी. वाटीत पोळी वरणात भिजवून, कुस्करून, अगदी लापशी केलेली. एक घोट घ्यायचे, मान वर करायचे, छातीवर मूठ दाबायचे, मग पाणी. परत एक घोट. मी दारात उभी. चौथ्या घोटाला ते मोरीत वाकले आणि सगळं बाहेर आलं. उलटी नव्हती ती. उलटी पोटातून येते. हे खाली गेलंच नव्हतं.

तोंड पुसून वळले, तेव्हा मी दिसले.

"आज लवकर कशी?"

"कधीपासून?"

"मशीन बंद पडली काय?"

"अहो, मी विचारतेय, कधीपासून?"

ओट्यावर कॅप्सूलची दोन रिकामी टोपणं पडली होती, फोडलेली. अख्खी गिळता येत नव्हती म्हणून उघडून आतले दाणे पाण्याबरोबर घेत होते. गोळी चुकवली नाही एक दिवस. तुमच्यावर एवढा विश्वास.

"दोन वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "आधी नुसती सुकी पोळी अटकायची. आता भातपण. तुझ्यासमोर असं कसं बसू? तू जेवत असताना मी उठून मोरीत... चांगलं दिसतं का ते?"

"आणि एकट्यानं चांगलं दिसतं?"

त्यांनी नळ सोडला. वाटी धुतली आणि पालथी ठेवली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्मिताताईंचं मेडिकल आहे. मी तशीच तिकडे गेले. कॅप्सूलची पट्टी दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी हातातसुद्धा घेतली नाही.

"संबोधी, गोळी खराब नाहीये. पण ही कोणी सहा वर्षं न बघता देत राहायची नसते. आणि घास अटकणं म्हणजे गॅस नाही. त्याला दुर्बीण घालून आत बघावं लागतं. वजन उतरलंय?"

"उतरलंय."

"मग इथे काय करतेयस? डॉक्टरांना सांगितलं नाही त्यांनी?"

मी घरी येऊन कार्ड काढलं. डॉक्टरसाहेब, तुम्ही ते कार्ड एकदा सलग वाचा. पहिल्या पानावर वरच्या ओळीत तुमचं अक्षर, जळजळ वगैरे. त्याखाली रिपीट. रिपीट. रिपीट. पानं बदलतात, शब्द बदलत नाही.

बुद्धरत्न दर महिन्याला दवाखान्यात जातात, असं मी समजत होते. कार्ड समोर धरलं तेव्हा त्यांनी सांगितलं, पहिल्या खेपेनंतर सहा वर्षांत ते एकदाही गेले नव्हते. जात होते संताजी.

संताजी त्यांच्या कारखान्यातले जुने फोरमन. माणूस सोन्यासारखा. दवाखान्यात गेलं की अर्धा दिवस जातो, म्हणून त्यांनीच ही सोय काढली. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळ्यांची कार्डं गोळा करायची, रबर लावायचं आणि एकट्यानं जाऊन सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. बीपीवाले, साखरवाले, गॅसवाले, सगळे एका गठ्ठ्यात. मी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर गेले. ते जीरावन मसाला भुरभुरलेले पोहे खात उभे होते.

"अरे वहिनी! या, पोहे घ्या."

"संताजी, डॉक्टर ह्यांच्याबद्दल काय विचारतात तुम्हाला?"

"काय विचारणार? गठ्ठा ठेवला की म्हणतात, सब ठीक? मी म्हणतो, सब ठीक साहब. धडाधड सह्या. भला आदमी है."

"सगळे ठीक?"

"आता पंधरा जणांचं एकेक सांगत बसलो तर मागची लाइन मला मारेल ना भाभीजी." ते हसले. "अहो, आपले देवीलालजी रिटायर होऊन देपालपुरला शेती करायला गेले, तरी चार महिने त्यांच्या गोळ्या येत होत्या."

"मग त्या गोळ्यांचं काय केलं?"

"वाया नाही जाऊ दिल्या. मीच खाल्ल्या. मलापण गॅस आहे."

मी हसले नाही, तेव्हा त्यांनी पोह्यांचा कागद खाली केला. मी मोरीतलं सांगितलं. त्यांनी उरलेले पोहे फाटकातल्या कुत्र्यापुढे टाकले. मग म्हणाले, "वहिनी, तो माझ्या शेजारच्या लेथवर असतो. डबा उघडत नाही हे मी रोज बघतो. मला वाटलं, तुमचं काही बिनसलंय."

बघा. मला वाटलं बाई, त्यांना वाटलं भांडण. आम्ही अडाणी, आम्ही चुकलो. मीपण चुकले. दर महिन्याला ते कार्ड पिशवीत मीच घालून देत होते, आणि घालताना एकदा उघडून बघितलं नाही. ते मी माझ्या डोक्यावर घेते. तुमचं तुम्ही घ्या.

घरी मी म्हटलं, मंगळवारी आपण दोघं जायचं. बुद्धरत्न तयार होईनात.

"लिहून टाकतील अनफिट. मग लेथवरून काढतील. झाडू मारायला ठेवतील नाहीतर घरी बसवतील. अशी दोघं गेलीत आमच्यातली."

"म्हणून उपाशी राहायचं?"

"उपाशी कुठे? पितो ना वरण."

"मला तुमची नोकरी नको," मी म्हणाले. रागानं म्हणाले, पण आवाज भलताच निघाला. "मला तुम्ही समोर बसून जेवायला हवे आहात. माझ्या ताटातलं चोरायला हवे आहात. दोन वर्षं मी भिंतीबरोबर जेवतेय. भिंतीशी लग्न नव्हतं केलं."

ते उठले. मला वाटलं, बाहेर जातील. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, मंगळवारसाठी. बस.

मंगळवारी अडीच तास उभे राहिलो. नंबर आला. तुम्ही मान वर न करता हात पुढे केलात.

"कितने कार्ड?"

"एक कार्ड," मी म्हणाले, "और एक आदमी."

तुम्ही कार्ड घेतलंत. पान उलटलंत. पेन टेकवलंत आणि 'रि' लिहिलंत. मी कार्डावर हात ठेवला.

"मॅडम, हाथ हटाइए."

"पहले इनको देखिए."

"अगं, राहू दे," बुद्धरत्न माझ्या कानाशी म्हणाले. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे जल्दी करो भिया!" मी हात काढला नाही. तेव्हा तुम्ही वर बघितलंत. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी बाजूला झाले. बुद्धरत्न स्टुलावर बसले, शाळेत बसावं तसे, हात गुडघ्यांवर. तुम्ही विचारलंत, आणि त्यांनी सांगितलं, सगळं. पोळी अटकती है साहब. पहले सूखी, अब चावल भी. दो साल. बेल्टला तीन नवी भोकं पाडली, तेपण सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. घसा बघितलात, मान चाचपलीत, पोट दाबलंत. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिलीत, दुर्बिणीसाठी, आणि अर्जंटखाली दोन रेघा मारल्यात. एक पुरली असती. मी ते बघितलं. तुम्ही काही राक्षस नाही.

पण मग तुम्ही चिठ्ठी पॅडमधून फाडून देताना चिडून म्हणालात, "दो साल! इतने दिन बताया क्यों नहीं?"

माझ्याकडे बघून म्हणालात. मागे पन्नास माणसं होती. चिठ्ठी घेतली, ह्यांचा हात धरला आणि बाहेर आले. रिक्षात बुद्धरत्न म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी सांगायला हवं होतं." चूक स्वतःकडे घ्यायची त्यांना सवयच आहे.

परवा दुर्बीण आहे. स्मिताताई म्हणतात, कधी नळी नुसती अरुंद झालेली असते, ती रुंद करता येते. कधी दुसरं असतं. दुसरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काल आम्ही समोरासमोर बसलो. मी पोळी खाल्ली, त्यांनी वाटी घेतली. मध्येच उठून मोरीकडे गेले आणि परत येऊन बसले. तोंड ओलं. मी ताट त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी भाजीकडे बघितलं, अगदी लहान मूल दुकानाच्या काचेतून बघतं तसं, आणि ताट परत माझ्याकडे सरकवलं. मला तो हात ताटात हवा आहे, डॉक्टर. परवा काय निघेल ते निघो, मी ह्यापेक्षा जास्त काही मागत नाहीये.

त्या दिवशी प्रश्न तुम्ही विचारलात. आज मी विचारते. तुमच्या टेबलाशी येतो तो रबर लावलेला गठ्ठा, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हीच तो घेत होतात, कारण तुमचीपण लाइन लवकर संपत होती. सब ठीक म्हणणारा एकच माणूस पंधरा जणांच्या वतीनं समोर उभा असतो, हे तुम्हाला दर महिन्याच्या मंगळवारी दिसत होतं. मग घास अडकणाऱ्या माणसानं सांगायचं होतं ते कोणाला? नाव सांगा. मी ऐकतेय.