मर्व्हची धाप

माझा नवरा मर्व्ह तसा खोटारडा नाही. पण डॉक्टरसमोर बसला की त्याच्या तोंडून खरं निघेल तर शपथ.

"पायऱ्या चढताना दम लागतो?" डॉक्टर सेनानायके बाईंनी विचारलं.

"छे, तसं काही नाही."

डेनिलिक्विन गावातल्या आमच्या घराला पुढून तीनच पायऱ्या आहेत, आणि गेल्या हिवाळ्यापासून हा मागच्या दारानं ये-जा करतो. मी जीभ चावून गप्प बसले. मला, या नोरीनला, गप्प बसवणं सोपं नाही, कुणालाही विचारा.

फुप्फुसांना वण पडत जातात, असा हा आजार. बरा होत नाही. किती वेगानं चाललाय एवढंच पाहायचं. वय, फुंकर मारून मोजलेला श्वास, चालल्यावर रक्तात उरणारा प्राणवायू, सगळं जमेस धरून डॉक्टर अंदाज बांधतात. त्यावरूनच ठरणार होतं, फुप्फुस बदलण्यासाठी मर्व्हचं नाव पाठवायचं की नाही. तब्येत अजून बरी दिसली तर 'थांबू या' म्हणतात, आणि फार थांबलं तर शरीराला ऑपरेशन झेपत नाही. मला ते नाव जायला हवं होतं. मला माझा नवरा हवा होता, बस्स.

मग चालायची तपासणी. थुय नावाच्या हसऱ्या पोरीनं त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. लांब बोळात दोन टोकांना दोन खुणा. "सहा मिनिटं फेऱ्या मारा. दमलात तर थांबा."

मर्व्ह चालला, ना हळू ना जोरात, ओठ आवळून फुंकर सोडत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर हा परसात दोन पिंपांच्या मध्ये येरझारा घालत होता, आणि मी वेडी खूश होते, की चला, व्यायाम करतोय. हा तर बरं दिसायची तालीम करत होता! यंत्रावरचा आकडाही इमानदारीत वर टिकून राहिला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"वेळ संपली, थांबा," थुय म्हणाली.

मर्व्ह तेव्हा दोन खुणांच्या मधोमध होता. त्याचा सारा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला. आमच्या शेडमध्ये सुट्टीची घंटा झाली तरी हातातली मेंढी पुरी करायची, आणि तीही झपाट्यानं. अर्धी सोडणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यानं मान खाली घातली आणि सुसाट खुणेकडे निघाला.

आकडा ऐंशीच्या खाली घसरला. ओठ निळे पडले. थुयनं धावत जाऊन त्याच्याखाली खुर्ची सरकवली, तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला आणि डॉक्टरांना हाक मारायला गेली.

"गाढवा," मी म्हणाले, "इथं कुणाला मोठेपणा दाखवतोयस? नाव गेलं नाही तर मरशील ना रे."

त्यानं मास्क जरा बाजूला केला. "मोठेपणा नाही गं, म्हातारे. भीती वाटते. छाती फाडणार ते. टेबलावरच गेलो तर? नाव नाही गेलं, तर निदान घरी, तुझ्याजवळ..."

इतक्या वर्षांत 'भीती' हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मलाही वाटते," मी म्हणाले. "रोज तुझा श्वास ऐकत पडलेली असते मी."

डॉक्टर आल्या, आकडा पाहिला आणि त्याच्याजवळ बसल्या.

"खरं सांगते. बाकीच्या तपासण्या आणि हा आकडा एकत्र धरला, तर अशातले बरेच जण दोन-तीन वर्षांत जातात. तुमचं नेमकं मला सांगता येणार नाही. ऑपरेशनलाही धोका आहे. नाव पाठवू का, ते तुम्ही सांगायचं."

मर्व्हनं माझ्याकडे पाहिलं. 'हो म्हण' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण छाती त्याची फाडणार होते, माझी नाही.

त्यानं मास्क पुन्हा बाजूला केला.

"पाठवा," तो म्हणाला. मग कधी कुणाकडे काही न मागितलेला हा माणूस हळूच म्हणाला, "पण ऑपरेशनच्या वेळी मला गुंगी येईपर्यंत हिला जवळ राहू द्याल?"

"मी विचारून बघते," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली. मी हात सोडवला नाही.